चार बोटं खोल

२ डिसेंबर, मंगळवार

खुरपं दगडाला लागलं आणि हातातून निसटलं. मशीन ओरडतच होतं. बंद करायला गेलो तर चुकीचं बटण दाबलं गेलं आणि आवाज आणखी वाढला. शोभना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मी बघितलं तशी आत वळली. खड्ड्यात सोड्याच्या बाटलीचं झाकण होतं.

मशीन पूर्वाने बंगळुरूहून पाठवलं आहे. एक दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर आकडा दाखवणारा पडदा. जमिनीत धातू असेल तर वाजतं. रिटायर झाल्यावर मी असले व्हिडिओ बघत बसायचो, ते मुलीने लक्षात ठेवलं म्हणे.

मी बँकेच्या दक्षता विभागात होतो. वस्तू न मागता आली की आधी विचारायचं, का आली. खोका उघडला तेव्हा सुरुची नेमकी हजर होती. ही माझी फिजिओथेरपिस्ट. राखीच्या सुमारास मला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजव्या हातासाठी घरी येते. मशीन बघून म्हणाली, "वा काका, हे डावीकडून उजवीकडे फिरवलं की खांदाही सुटेल आणि मनगटही." पाठ केल्यासारखं. म्हणजे पूर्वा आणि ती आधी बोललेल्या आहेत. शोभनाला मात्र काही माहीत नसावं. खोका बघून ती माझ्याइतकीच चकित झाली.

ही वहीसुद्धा सुरुचीचाच हुकूम. जमेल तेव्हा एक पान, उजव्या हाताने. कुणी वाचणार नाही या अटीवर मी कबूल झालो. शोभना बायको असली तरी दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत नाही. बाकीच्यांसाठी वही कपाटात, किल्ली माझ्याकडे.

४ डिसेंबर, गुरुवार

व्हिडिओतला माणूस सांगतो की आधी ओळखीच्या वस्तू पुरा आणि त्यांचे आवाज शिका. मग शोधायला निघा. पद्धत बरोबर वाटली. आम्हीही नव्या पोरांना आधी खऱ्या सह्या दाखवायचो, मग खोट्या.

शोभनाने एक खिळा, तांब्याची पळी आणि तिचं जुनं चांदीचं जोडवं काढून दिलं. नीमाखाली ओळीने पुरलं. लोखंड घुरघुरतं. तांबं मधल्या पट्टीत वाजतं. चांदीचा स्वर उंच आणि स्वच्छ, मागे काही रेंगाळत नाही. शोभना चहाचा कप घेऊन पायरीवर बसली होती. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, फिरवा. तिन्ही बरोबर ओळखले. लग्नाआधी ती गाणं शिकायची.

"चांदीचं कळतंच हो," म्हणाली. "ती वाजली की वाटतं, कुणी हाक मारली."

९ डिसेंबर, मंगळवार

मागच्या जागेत सुतळी बांधून पट्टे पाडले. एका पट्ट्यात जायचं, चकती जमिनीपासून उचलायची नाही, शेजारच्या पट्ट्यातून परत यायचं. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांचं घर इथे होतं. मी ते बघितलेलं नाही. वडिलांनी ते पाडून पुढे रस्त्याच्या बाजूला आत्ताचं सिमेंटचं घर बांधलं. मागे नीम, सीताफळ आणि गवतात जुन्या पायाचे दगड राहिले.

जिथे दगड तिथे खिळे. सगळं घर खिळ्यांवर उभं असावं.

वरच्या मजल्यावर प्रणव भाड्याने राहतो. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. गॅलरीतून विचारतो, "काका, काही सापडलं का?" रोज विचारतो. आमच्या बडा गणपतीच्या गल्लीतली माणसं 'काय मिळालं' विचारतात, हा 'सापडलं का' विचारतो. घर भाड्याने घेताना मागची जागाही बघून गेला होता, ते आता आठवलं.

१३ डिसेंबर, शनिवार

खिळे, बिजागरी, दाढीचं पातं, नळाची चावी, पुन्हा झाकणं. कचऱ्याच्या गाडीवाला म्हणाला, ये किस डब्बे में डालूँ बाबूजी, सूखा है कि खतरनाक. बेबी हसली. बेबी आमच्याकडे धुणंभांडी करते. सकाळी एकदा येते, दुपारी मी झोपलेला असतो तेव्हा एकदा. गल्लीतल्या बाकीच्या घरीही तिला शोभनाच्याच शब्दावर काम मिळालं आहे.

"बाबूजी ने पूरी ज़मीन की शेविंग कर दी," ती शोभनाला म्हणाली. मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने.

१६ डिसेंबर, मंगळवार

मशीन कपाटात ठेवलं.

२१ डिसेंबर, रविवार

हे डाव्या हाताने लिहीत आहे. सुरुची आली होती. बोटं पुन्हा आत वळायला लागली आहेत. तिने बराच वेळ हात चोळला आणि मग रोजच्यासारखं गोड न बोलता सरळ सांगितलं. पहिल्या सहा महिन्यांत जे येतं ते येतं. फेब्रुवारी संपला की फार आशा धरू नका. आणि नुसतं खुर्चीत बसून काही येत नसतं.

मी म्हटलं, खिळे उकरून येतं का?

ती म्हणाली, येत होतं.

शोभना दाराशी उभी होती. मग देवघरात गेली आणि बराच वेळ तिथेच होती. देवघर तिचं. मी आत जातो तो गणपतीत आरतीला, आणि तेव्हाही मागे उभा असतो.

२३ डिसेंबर, मंगळवार

घडलं तसं लिहितो.

सकाळी भाजी निवडता निवडता शोभना म्हणाली की सासूबाई सांगायच्या, जुन्या घराचं देवघर सीताफळाच्या बाजूला होतं. तिकडे बघितलं का? आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. बायकांना सांगितलं असेल. मी म्हटलं, बघून झालंय. ती म्हणाली, नीट नसेल बघितलं. परवा सहज टोकलं तरी मला राग येत होता, आज आला नाही. दुपारची झोप झाल्यावर मशीन काढलं.

दुसऱ्याच फेरीला तो स्वर आला. उंच. मागे काही नाही. मी थांबलो, उलटं फिरवलं, पुन्हा तोच. गुडघ्यावर बसायला वेळ लागला. खुरपं उजव्या हातात धरलं आणि ते निसटलं नाही. माती हाताने बाजूला केली.

चांदीचा रुपया. एका बाजूला सूर्याचं तोंड. होळकरांचा.

मी ओरडलो नाही. शोभना आपणहून बाहेर आली, हात पुसत. "काय मिळालं?" मी दाखवला. तिने हातात घेतला नाही, लांबूनच बघितला आणि म्हणाली, "अगं बाई." तिच्या नखांत माती होती. कुंड्यांचं काहीतरी करत असावी.

संध्याकाळी प्रणवला दाखवला. पूर्वाला फोटो पाठवला. रात्री जेवताना घास उजव्या हाताने घेतला, आणि ते मला नंतर कळलं.

२४ डिसेंबर, बुधवार

रुपया पुन्हा बघितला. मला तो आवडत नाही.

जुनी वस्तू दर पावसाळ्याला थोडी खाली जाते. वीतभर तरी जायला हवी. हा चार बोटांवर होता. माती भुसभुशीत होती आणि नाणं आडवं, कुणी ठेवल्यासारखं. काळं पडलेलं नाही.

प्रश्न: ही जमीन माझ्याआधी कोण खणतं आहे?

प्रणवच्या खिडकीतून सगळे पट्टे दिसतात. मी दुपारी झोपतो हे त्याला माहीत आहे. काल रुपया हातात घेऊन म्हणाला, भारी आहे काका, अजून असतील. अजून असतील हे त्याला कसं माहीत?

शोभनाला सांगितलं. ती म्हणाली, बिचारा दिवसभर कानात ते लावून मीटिंगा करत असतो, तो कुठला खणतो. ती सगळ्यांनाच बिचारं म्हणते.

२८ डिसेंबर, रविवार

प्रणव ख्रिसमसपासून पुण्याला गेला आहे. वर कुलूप.

आज सीताफळाच्या पलीकडे चांदीची सुपारी मिळाली. पुन्हा चार बोटं.

म्हणजे प्रणव नव्हे. त्याच्याबद्दल वाईट वाटलं नाही. नाव कटलं, इतकंच.

सुपारीच्या खाचेत काहीतरी लाल होतं. शोभनाला विचारलं. ती म्हणाली गंज. मी म्हटलं चांदीला गंज? मग म्हणाली माती असेल. मी म्हटलं आपली माती काळी आहे, साऱ्या माळव्याची काळी आहे.

"आता मला काय माहीत भिया," ती गल्लीतल्या पोरांसारखी म्हणाली, "मी काय सरकारी लॅब आहे?" आणि सुपारी पदराने पुसून दिली.

पुरावा असा पुसायचा नसतो. पण तिला काय सांगणार.

३१ डिसेंबर, बुधवार

शर्टाची बटणं मी लावली. सगळ्यात वरचं राहिलं. शोभना ते लावायला पुढे आली आणि मग थांबली. मी लावलं.

२ जानेवारी, शुक्रवार

जमिनीत पुरलेलं जुनं काही मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा जुना आहे, पण आहे. मी अर्जाचा मसुदा करायला घेतला. अक्षर बरंच सुधारलं आहे, वळणं पुन्हा माझी वाटतात. शोभनाला वाचून दाखवला. तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"इतक्यात नको," म्हणाली. "लोक येतील, फोटो काढतील, सगळं खणून ठेवतील. थोडं अजून मिळू द्या."

मुद्दा योग्य होता. तपास अर्धा असताना वर कळवू नये.

५ जानेवारी, सोमवार

आता स्पष्ट लिहायला हवं.

चांदीचं बेलपान मिळालं, महादेवाला वाहतात तसं. त्यावर लाल होतं, पिवळं होतं, आणि तांदळाचा एक दाणा चिकटला होता. तो दाणाही पिवळा. हळद, कुंकू, अक्षता. माझ्या जमिनीत.

बेबी धुणं वाळत घालत होती. तिने बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"बाबूजी, हाथ मत लगाओ इसको. ये किसी का किया-कराया है. टोटका है."

शोभना आतून धावत आली आणि बेबीवर अशी बरसली की मीच दचकलो. काहीही बकत जाऊ नकोस, आजारी माणूस आहे घरात. इतक्या वर्षांत तिने बेबीला आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. जाताना बेबी फाटकाला लिंबू-मिरची बांधून गेली, आपल्या पैशाने.

मी असलं मानत नाही. तरी विचार केला की झटका राखीला आला, आणि जमिनीत या वस्तू कधीपासून आहेत कुणास ठाऊक. आज दुपारी झोप लागली नाही. शोभना दोनदा येऊन बघून गेली की मी झोपलो का.

८ जानेवारी, गुरुवार

शांतपणे विचार केला. करणी वगैरे नाही. पण कुणीतरी तसं दाखवतं आहे.

दक्षतेत एक गोष्ट शिकलो. खोटी सही आहे असं सगळ्यात आधी जो ओरडतो, त्याचं टेबल आधी तपासावं. टोटका हा शब्द आधी कुणी काढला?

सकाळी सीताफळाच्या पलीकडे पाणी मारलं आणि माती फळीने सपाट केली. शोभनाला सांगितलं नाही. ती पोटात काही ठेवू शकत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

पावलं आहेत. बाईची चप्पल. तळव्यावर फुलांची नक्षी. स्वयंपाकघराच्या दारातून आली आहेत आणि तिकडेच परत गेली आहेत.

बेबी सकाळी चप्पल दाराशी काढते. उलटी करून बघितली. तीच फुलं. शोभनाने दिवाळीत तिला आपली जुनी चप्पल दिली होती आणि स्वतःला तशीच नवी आणली. राजवाड्यासमोरच्या एकाच दुकानातून ती एकाच जातीची चप्पल घेत आली आहे.

बेबीच्या चपलेची नक्षी बरीच झिजली आहे. मातीतला ठसा ठळक आहे. ओल्या मातीत तेवढा फरक पडतो.

ठशाशेजारी मशीन फिरवलं. एक चांदीचा घुंगरू. हळदकुंकू लावलेला. चार बोटं.

पण बेबी कुठून आणते? तिला जुनी चांदी कुठे मिळते? आणि पुरते कशाला? इथे माझं अडलं आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बेबी तिळाचे लाडू घेऊन आली. मी घेतला, खाल्ला नाही.

सुरुची म्हणाली मूठ आता घट्ट मिटते. तिने बोट मुठीत दिलं, मी दाबलं, ती "आई गं" म्हणाली. मुद्दाम म्हणाली असेल. शोभना खिडकीकडे तोंड करून उभी होती.

१८ जानेवारी, रविवार

घरी हळदीकुंकू होतं. मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. बायका देवघराजवळ. इंदिरावहिनी आल्या होत्या, माझ्या थोरल्या भावाची बायको, लालबागेच्या बाजूला राहतात. त्यांचा आवाज भिंतीतून येतो.

त्यांनी विचारलं, "शोभना, सासूबाईंचा सूर्याचा रुपया कुठाय गं? आणि महादेवाचं बेलपान? पाटावर काहीच दिसत नाही."

शोभनाच्या बांगड्या वाजल्या. मग म्हणाली, "सराफ्यात दिलंय साफ करायला."

वाण वाटायचा आवाज आला. हातातला पेपर मी तसाच धरून होतो.

सगळ्या गेल्यावर, शोभना वहिनींना फाटकापर्यंत सोडायला गेली असताना, मी देवघरात गेलो. पाटावरच्या तांबड्या कापडाला ऊन लागून रंग उडाला आहे. पण एका जागी रुपयाएवढा गोल गडद राहिला आहे, आणि त्याच्याशेजारी बेलपानाचा आकार. कपाटातून रुपया आणून त्या गोलावर ठेवला. बरोबर बसला.

आईचा रुपया. इतकी वर्षं माझ्याच घरात होता आणि मी ओळखला नाही.

सगळं जुळलं. बेबी देवघरातून एक-एक वस्तू काढते आणि मागे पुरते, म्हणजे झडतीत तिच्याकडे काही मिळणार नाही. हळदकुंकू लावते, म्हणजे कुणाला दिसलंच तर भीतीने हात लावणार नाही. माझं मशीन तिने हिशेबात धरलं नव्हतं.

आणि शोभनाला चोरी कळलेली आहे. म्हणून सराफ्याचं खोटं बोलली. बेबीला पाठीशी घालते आहे.

जुळलं की मला झोप लागते. आज लागली.

२० जानेवारी, मंगळवार

शोभनाला समोर बसवलं. रुपया, सुपारी, बेलपान, घुंगरू टेबलावर ओळीने मांडले. क्रमाने सांगितलं. ती ऐकत होती. एकदाच तिने हात पुढे करून घुंगरू सरळ केला.

मी म्हटलं, उद्या बेबीशी बोलणार.

"तिला काही बोलू नका."

"का?"

"मी सांगते म्हणून. तिने काही घेतलेलं नाही."

मी म्हटलं, हे तू कशावरून म्हणतेस? ती म्हणाली, "आणि समजा, मीच ठेवलं असेल तिथे तर?"

मी हसलो. मग हसू गेलं. बेबीला वाचवायला ती इथपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. आपल्या देवाची चांदी आपणच नेऊन मातीत पुरायची, याला काही कारण लागतं. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, कारण आहे. मी म्हटलं, सांग. तिने माझ्या हाताकडे बघितलं, टेबलावर ठेवलेल्या, आणि उठून गेली.

कारण नव्हतंच.

तिचा राग येत नाही. तिला माणसं कळत नाहीत, एवढंच. पस्तीस वर्षं मी घरात एकटाच पहारा देत आलो आहे.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी बेबीला बोलावलं. आवाज चढवला नाही. टेबलावरच्या वस्तू दाखवल्या आणि विचारलं, या ओळखते का. ती म्हणाली हो, भाभीजींच्या देवघरातल्या. मी विचारलं, जमिनीत कशा गेल्या? ती शोभनाकडे बघायला लागली. मी म्हटलं इकडे बघ. ठशाचं सांगितलं. दुपारी कोण येतं ते सांगितलं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनाही कळवावं लागेल असं सांगितलं.

शोभना मध्ये काहीतरी बोलली. मी हाताने थांबवलं. उजव्या.

बेबी रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने पदर खोचलेला सोडला, ओले हात पुसले. दाराशी जाऊन चप्पल उचलली आणि आणून टेबलावर, चांदीशेजारी ठेवली.

"ये भी भाभीजी की दी हुई है बाबूजी. ये भी लिख लो."

आणि अनवाणी गेली. फाटक तिने रोजच्यासारखंच नीट लावलं.

शोभना आत निघून गेली. भांडी तशीच पडली होती. मी जेवलो, गोळ्या घेतल्या, पण झोपलो नाही. डोळे मिटून पडलो होतो. ती आली, बघितलं, आणि या वेळी म्हणाली, "झोपला नाहीत ते माहीत आहे. उठा. बाहेर चला."

तिच्या हातात चांदीची कोयरी होती. आंब्याच्या आकाराची, एका बाजूला हळद, एका बाजूला कुंकू. तिच्या आईने लग्नात दिलेली. रविवारी सगळ्यांना त्यातूनच कुंकू लावलं होतं. पायात तिची नवी चप्पल. माझ्या सुतळीच्या पट्ट्यांमधून ती चालत गेली, सुतळीला पाय न लावता, वाट पायाखालची असल्यासारखी. नीमाखाली बसली. माझ्या खुरप्याने खणलं. थोडंसंच. तिचे गुडघे दुखतात, खोल खणता येत नाही. मग खड्ड्यात बोटं घालून बघितली, चार बोटं, आणि थांबली.

कोयरीतली हळद तिने कोयरीलाच लावली. मग कुंकू. पदराच्या गाठीतून अक्षता काढून वाहिल्या. हात जोडले.

"देवाजवळची वस्तू आहे. नुसती कशी मातीत घालू? तेवढंच चुकलं माझं."

माती लोटली, वरून थोपटली. उठताना तिने माझा हात मागितला नाही. मी उभाच होतो. तिच्यामागे उकरलेल्या मातीत फुलं उमटली होती, एक-एक पाकळी दिसेल अशी.

"बँकेत सगळ्यांवर शक घेतलात," ती म्हणाली. "घरात पूर्वावर, सुरुचीवर, त्या वरच्या पोरावर. माझ्यावर एकदा घ्यायचा होतात. बेबी वाचली असती."

खुरपं माझ्या हातात दिलं.

"शोधा आता. उजव्या हाताने."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. ऊन नीमाच्या मागे जाईपर्यंत मी तिथे उभा होतो. खणलं नाही.

हे उजव्याच हाताने लिहिलं आहे. अक्षर चांगलं आलं आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी बेबीच्या घरी गेलो. झटक्यानंतर फाटकाबाहेर एकटा पहिल्यांदाच. घर माहीत नव्हतं, विचारत गेलो. चप्पल पिशवीत होती. नर्मदेच्या पाण्याचा नळ आला होता, ती हंडे भरत होती. जे म्हणायचं होतं ते हिंदीत म्हटलं, शेजारच्या बायका ऐकत होत्या. पहिल्यांदा नीट जमलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. तिने ऐकलं. हंडा भरला तसा दुसरा नळाखाली लावला. नळ जाईपर्यंत मी थांबलो. चप्पल तिच्या दाराशी ठेवली. परत आलो तेव्हा शोभना भांडी घासत होती. धुतलेली मी पुसून ठेवली. कोयरी अजून जमिनीत आहे.